बँक-दरोड्याचा चित्रपट आणि प्रेक्षकांची सहानुभूती

बँकेवर चतुराईने घातलेल्या दरोड्याची कथा सांगणारे चित्रपट लोकांना आवडतात, ही गोष्ट निर्विवाद आहे. ते का आवडतात, ह्याविषयी मात्र दोन भिन्न समजुती दीर्घकाळ प्रचलित आहेत. पहिली नीतिरक्षकांची. तिच्या मते पडद्यावरील चोराचे कौशल्य पाहून प्रेक्षकाचा विवेक सैल होतो व त्याची सहानुभूती गुन्ह्याकडे वळते. दुसरी अशा चित्रपटांच्या चाहत्यांची. तिच्या मते हा केवळ बुद्धिबळाचा डाव असून त्यात नीति-अनीतीचा प्रश्नच उद्भवत नाही. अमेरिकेतील ह्या चित्रपट-प्रकाराचा इतिहास पाहिला, आणि २००६ साली प्रदर्शित झालेल्या ‘इनसाइड मॅन’ ह्या चित्रपटाला मिळालेला प्रतिसाद त्या इतिहासाच्या प्रकाशात तपासला, तर दोन्ही समजुती अपुऱ्या ठरतात. प्रेक्षक चोराला क्षमा करतो ती केवळ त्याच्या हिकमतीसाठी नव्हे. नुकसान कोणाचे झाले, हे पाहून तो आपला निवाडा देतो.

(१)

प्रेक्षकांच्या सहानुभूतीचा प्रश्न प्रथम नियमबद्ध झाला तो १९३० साली. त्या वर्षी अमेरिकी चित्रपट-व्यवसायाने स्वतःसाठी एक आचारसंहिता मान्य केली. ‘हेज संहिता’ ह्या नावाने ती ओळखली जाते. प्रेक्षकांची सहानुभूती गुन्हा, दुष्कृत्य वा पाप ह्यांच्या बाजूस कधीही जाऊ देऊ नये, हे तिचे एक मूलतत्त्व होते. चोरी, दरोडा, तिजोरी फोडणे ह्यांच्या कृती तपशिलाने दाखवू नयेत, असेही तीत स्पष्ट म्हटले होते. प्रारंभीची चार वर्षे हे नियम बहुतांशी कागदावरच राहिले. १ जुलै १९३४ पासून मात्र संहितेच्या कचेरीचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय चित्रपट प्रदर्शित करणे मोठ्या निर्मात्यांना अशक्य झाले.

हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १९३० ते १९३३ ह्या मंदीच्या वर्षांत अमेरिकेतील सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या आणि त्यांबरोबर असंख्य सामान्य ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी गेली. शेतकऱ्यांची घरे व जमिनी गहाणापायी जप्त होत होत्या. अशा वेळी जॉन डिलिंजरसारखा बँका लुटणारा दरोडेखोर वृत्तपत्रांचा नायक बनला. ‘प्रिटी बॉय’ फ्लॉइड ह्या दुसऱ्या दरोडेखोराविषयी तर, तो बँक लुटताना गोरगरिबांची गहाणखते नष्ट करतो, अशी आख्यायिका पसरली होती. ती खरी होती की नव्हती, हा प्रश्न येथे गौण आहे. लोकांना ती खरी वाटावीशी वाटली, हे महत्त्वाचे. डिलिंजरवर चित्रपट काढण्यास व्यवसायाचे नियंत्रक विल हेज ह्यांनी मार्च १९३४ मध्ये मनाई केली. त्याच वर्षी २२ जुलैला, म्हणजे संहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाल्यावर अवघ्या तीन आठवड्यांनी, डिलिंजर शिकागोच्या एका चित्रपटगृहातून बाहेर पडत असता सरकारी अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी ठार झाला. त्याने नुकताच पाहिलेला चित्रपट एका गुन्हेगाराच्या देहदंडाने संपणारा होता.

संहितेच्या कर्त्यांना वाटत होते की सहानुभूती पडद्यावर निर्माण होते, म्हणून पडदा स्वच्छ ठेवला की ती निर्माण होणार नाही. परंतु डिलिंजरविषयीची सहानुभूती पडद्याने दिलेली नव्हती. ती बंद पडलेल्या बँकांच्या दारांतून आली होती.

(२)

संहितेच्या अमलात दरोड्याचे चित्रपट थांबले नाहीत. त्यांचा शेवट तेवढा आधीच ठरून गेला. जॉन ह्यूस्टन ह्यांच्या ‘द ॲस्फाल्ट जंगल’ (१९५०) मध्ये जवाहिराची तिजोरी फोडण्याचा बेत अत्यंत काटेकोर असतो. पण त्याचा सूत्रधार एका तरुण मुलीचे नृत्य पाहण्यासाठी काही क्षण रेंगाळतो आणि पकडला जातो. स्टॅन्ली क्यूब्रिक ह्यांच्या ‘द किलिंग’ (१९५६) मध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरून लुटलेली रक्कम विमानतळावर उघड्या पडलेल्या पेटीतून वाऱ्यावर उडून जाते. ‘ओशन्स इलेव्हन’ (१९६०) मध्ये ती शवपेटीबरोबर जळून जाते. अमेरिकेत काळ्या यादीत टाकल्यामुळे फ्रान्समध्ये काम करणारे ज्यूल्स दासँ ह्यांनी ‘रिफिफी’ (१९५५) मध्ये संवाद व संगीत ह्यांवाचून सुमारे अर्धा तास चाललेली चोरी दाखविली. ती पाहताना प्रेक्षक श्वास रोखून धरतो; पण त्याही चित्रपटात चोरांच्या वाट्यास मृत्यूच येतो.

ह्या चित्रपटांत एक समान गोष्ट आढळते. ज्याची मालमत्ता चोरीस जाते तो मालक पडद्यावर जवळजवळ नसतोच. त्याचे गुणदोष प्रेक्षकाला कळत नाहीत. चोराला शासन होणे अटळ असल्यामुळे मालक कसा आहे, हे सांगण्याची कथेला गरजच पडत नाही.

१९६६ नंतर संहिता शिथिल झाली आणि १९६८ च्या नोव्हेंबरात तिच्या जागी प्रेक्षकांच्या वयानुसार वर्गवारी आली. त्याच वर्षीच्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’ मध्ये बॉस्टनची बँक लुटविणारा धनाढ्य नायक निसटून जातो. कायद्याने शिक्षा देण्याचे बंधन संपले. मग प्रेक्षकाच्या न्यायबुद्धीचे समाधान कशाने करावयाचे, हा नवा प्रश्न कथाकारांपुढे उभा राहिला.

(३)

ह्या प्रश्नाचे एक उत्तर प्रत्यक्ष घटनेने दिले. २२ ऑगस्ट १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका बँकेत दरोडेखोरांनी कर्मचाऱ्यांना अनेक तास ओलीस धरले. बाहेर जमलेल्या गर्दीतून पोलिसांची हुर्यो होऊ लागली व दरोडेखोरांना प्रोत्साहन मिळू लागले. अखेर विमानतळावर एक दरोडेखोर मारला गेला. तो केवळ १८ वर्षांचा होता. सिडनी ल्यूमेट ह्यांनी १९७५ साली ‘डॉग डे आफ्टरनून’ मध्ये ही घटना चित्रित केली. त्यात गर्दी हेच एक पात्र आहे. आदल्या वर्षी, १९७१ मध्ये, ॲटिका येथील तुरुंगातील बंड मोडताना झालेल्या रक्तपाताची आठवण दरोडेखोर गर्दीला करून देतो, आणि गर्दी त्याची होते. येथेही सहानुभूतीचे मूळ दरोड्यात नसून दरोड्याच्या बाहेरील एका जुन्या रागात होते.

स्पाइक ली ह्यांचा ‘इनसाइड मॅन’ ह्या परंपरेचा जाणता वारस होय. त्याची संहिता रसेल गेवर्ट्झ ह्यांची. रंगाऱ्यांचे कपडे घातलेली टोळी मॅनहॅटनमधील एका बँकेत शिरते, आतील सर्व लोकांना तसलेच कपडे व मुखवटे घालावयास लावते, आणि अखेर त्यांच्यातच मिसळून बाहेर पडते. कोण चोर व कोण ओलीस, हे पोलिसांना ठरविता येत नाही. संभाषण चोरून ऐकणाऱ्या पोलिसांच्या कानी अल्बेनियाचा हुकूमशहा एन्व्हर होजा ह्याच्या भाषणांचे ध्वनिमुद्रण पडते. टोळीचा म्होरक्या कोठाराच्या खोलीत बांधलेल्या खोट्या भिंतीआड एक आठवडा दडून राहतो आणि नंतर दारातून उघडपणे चालत जातो. बँकेची रोकड जागच्या जागी असते. बंदुका खेळण्यातल्या निघतात. चोरी होते ती फक्त ३९२ क्रमांकाच्या लॉकरमधील वस्तूंची, आणि त्या लॉकरची बँकेच्या दप्तरात नोंदच नसते. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून काढलेल्या ह्या चित्रपटाने जगभरात अठरा कोटींहून अधिक उत्पन्न मिळविले. भारतीय प्रेक्षकांस तो आणखी एका कारणाने लक्षात राहिला : ‘दिल से’ (१९९८) मधील ‘छैया छैया’ हे ए. आर. रहमान ह्यांचे गीत त्याच्या श्रेयनामावलीस जोडलेले आहे.

प्रेक्षकांची मते मुख्यतः तीन मुद्द्यांभोवती फिरताना दिसतात. पहिला मुद्दा योजनेच्या कौतुकाचा. पोलिसांबरोबर आपणही फसलो, ह्याचा येथे प्रेक्षकांना आनंद वाटतो. दुसरा आक्षेपाचा. बँकेचा संस्थापक आर्थर केस ह्याने आपल्या पापाचा पुरावा इतकी वर्षे जपून का ठेवला, जाळून का टाकला नाही, असे विचारले जाते. तिसरा मुद्दा शेवटाचा. चोर सुटला, ह्याचे बहुतेकांस दुःख होत नाही. केस उघडा पडला, ह्याचे समाधान वाटते.

वरवर पाहता दुसरा मुद्दा रचनेतील एका उणिवेचा आहे; पण तिसऱ्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो पुरावा शिल्लक नसता तर हा चित्रपट सामान्य चोरीचा झाला असता. लॉकरमध्ये केवळ हिरे नाहीत; केसने नाझींशी व्यवहार करून व आपल्या ज्यू परिचितांचा घात करून संपत्ती मिळविली, ह्याची साक्ष देणारी कागदपत्रे व एक अंगठी तेथे आहे. संहितेच्या काळात पडद्याबाहेर राहिलेला मालक येथे कथेच्या मध्यभागी आला, आणि पूर्वी चोराला मिळणारी शिक्षा आता त्याच्याकडे वळली.

अशी कथा २००६ मधील प्रेक्षकाला पटावी, ह्यासही बाहेरचे कारण होते. महायुद्धात बळी पडलेल्या ज्यूंच्या ठेवी स्विस बँकांनी वारसांना दिल्या नाहीत, ह्याविषयीचा वाद १९९० नंतरच्या दशकात जगभर गाजला. ऑगस्ट १९९८ मध्ये त्या बँकांनी १२५ कोटी डॉलर देण्याची तडजोड मान्य केली. बँकेच्या तिजोरीत लोकांची ठेवच नव्हे, तर एखादा दडविलेला गुन्हाही असू शकतो, हे त्यामुळे वृत्तपत्र वाचणाऱ्यास ठाऊक झाले होते. १९३४ मध्ये बुडालेल्या बँकांनी जे केले, तेच येथे स्विस खात्यांनी केले.

(४)

नुकसान कोणाचे, हा प्रश्न विचारण्याची प्रेक्षकांची सवय चित्रपटाहून फार जुनी आहे. मराठी रंगभूमीला देवलांच्या रूपांतरामुळे परिचित असलेल्या शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक यज्ञोपवीताने भिंत मोजून, कलावंताच्या अभिमानाने खिंडार पाडतो. जागा झालेला चारुदत्तही त्या खिंडाराची प्रथम वाखाणणीच करतो. परंतु चोरीस गेलेले अलंकार ही वसंतसेनेची ठेव असते, आणि ती बुडाल्याचा भार निर्धन पण सज्जन चारुदत्तावर व त्याच्या पत्नीवर पडतो. म्हणून नाटककार शर्विलकाला दागिन्यांसह वसंतसेनेच्या घरी आणतो. ते परत झाल्यावरच त्याला प्रेक्षकांची पूर्ण क्षमा मिळते. मालक चारुदत्त असेल तर ठेव परत आली पाहिजे. मालक केस असेल तर ती परत येता कामा नये.

हिंदी चित्रपटानेही हीच वाट धरली. मार्च १९८७ मध्ये मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागातील एका नामांकित सराफी पेढीवर खोट्या सरकारी अधिकाऱ्यांनी धाड घालून दागिने लांबविले. ह्या घटनेवर बेतलेल्या ‘स्पेशल २६’ (२०१३) मध्ये आधीचे बळी काळा पैसा दडविणारे, म्हणून तक्रार न करणारे दाखविले आहेत. प्रेक्षकाने चोरांच्या बाजूस जाण्यापूर्वी त्याच्या विवेकाची अशी समजूत घालावी लागली.

(५)

तेव्हा हेज संहितेची भीती फोल होती, असे म्हणता येईल. प्रेक्षक आपला विवेक चित्रपटगृहाच्या दारात ठेवून जात नाही. पण ह्या निष्कर्षाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हा विवेक मालकाचे पाप काळजीपूर्वक मोजतो. मधल्या माणसांचे दुःख मात्र तो मोजीत नाही. ‘इनसाइड मॅन’ मधील ओलीस हे कारकून, ग्राहक व वाटसरू आहेत. त्यांपैकी फोन लपविणाऱ्यास मारहाण होते. सुटून बाहेर आलेल्या एका शीख कर्मचाऱ्याला पोलीस अरब समजतात व त्याची पगडी हिसकावून घेतात. ती परत मिळाल्याशिवाय बोलणार नाही, असे तो सांगतो. चित्रपटावरील चर्चेत खोट्या भिंतीला जेवढी जागा मिळते तेवढी ह्या माणसाला क्वचितच मिळते. बंदुका खेळण्यातल्या होत्या, हे प्रेक्षकाला शेवटी कळते आणि तो निश्चिंत होतो. परंतु ज्यांच्यावर त्या रोखलेल्या होत्या त्यांच्यापुरत्या त्या सबंध वेळ खऱ्याच होत्या. चोर व मालक ह्यांच्यामधला न्याय प्रेक्षक चोख करतो. त्या दोघांच्या मध्ये सापडलेल्यांना त्याच्या न्यायासनापुढे अद्याप उभे राहावयाचे आहे.