दोन चुली, एक घर

भाऊबीज उलटली, पाहुणे आपापल्या गावी पांगले आणि फराळाचे डबे तळाला गेले, म्हणजे आमची आजी दुपारच्या वेळी ओसरीवर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेऊन बसे. तिच्याभोवती आम्ही मुले, आत्या, काकू, आणि खांबाला टेकून ऐकत नसल्याचा आव आणणारे आजोबा. लक्ष्मीबाईंचे वडील नारायणराव गोखले सोवळ्याच्या पायी मीठदेखील धुऊन घ्यावयास लावीत, हे आजी वाचू लागली की आमची हसून मुरकुंडी वळे. पण नवऱ्याने धर्म बदलल्याची वार्ता येते तो भाग आला, की आजीचा आवाज खाली जाई. एकदा पुस्तक मिटून ती म्हणाली, "त्यानं देव बदलला. हिनं का म्हणून घर बदलायचं?"

आत्याने फणकाऱ्याने उत्तर दिले, "मग काय जन्मभर माहेरी राहायचं?"

त्या दोघींचा तो वाद माझ्या डोक्यात जन्मभर राहिला. पुढे कायद्याचा विद्यार्थी झालो आणि तो वाद अवचित पुन्हा भेटला. तीच हकीगत आज सांगावयाची आहे.

नारायण वामन टिळक हे १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. हे कवी टिळक. लोकमान्य ते निराळे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू लहान वयातच त्यांच्या घरी लक्ष्मी होऊन आली. टिळक विद्वान, उदार, आणि विलक्षण तापट. खिशात पैसा टिकू द्यावयाचा नाही, हा त्यांचा बाणा. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याबरोबर नव्हत्या, आणि लहानगा दत्तू आईपाशी होता.

आता प्रश्न असा की, ह्या घराचे काय व्हावयाचे?

ख्रिस्ती धर्मग्रंथात ह्याला एकच एक उत्तर नाही. आपल्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रेम करणारा आपल्या योग्यतेचा नव्हे, अशा अर्थाचे ख्रिस्ताचे कठोर बोल मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत. आणि त्याच ख्रिस्ताने पतिपत्नी ही दोन नसून एक देह आहेत, देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, असेही बजावले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै नगरातली जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया आणि तिथला तुरुंगाचा अधिकारी ह्यांच्या कथा येतात. घरच्या कर्त्या माणसाने विश्वास धरला आणि सबंध घरादाराचा बाप्तिस्मा झाला! आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या माणसाला ही रीत ओळखीचीच वाटेल.

पण घरातले एकच माणूस गेले आणि दुसरे अडून बसले तर? करिंथ गावच्या नवख्या मंडळीत नेमका हाच पेच पडला होता. इ. स. ५५ च्या सुमारास संत पौलाने त्यांना जे पत्र लिहिले, त्याच्या सातव्या अध्यायात त्याचा निवाडा आहे. तो म्हणतो त्याचे तात्पर्य असे: विश्वास न ठेवणारी पत्नी नांदावयास राजी असेल, तर नवऱ्याने तिला टाकू नये; पत्नीनेही तसेच करावे. विश्वास न ठेवणारे माणूस आपण होऊन निघून जात असेल, तर मात्र जाऊ द्यावे. मागे राहिलेला मग बांधील नाही. आणि कारण काय? तर देवाने आपणाला शांतीसाठी बोलावले आहे.

ह्या निवाड्याचे दोन पदर आहेत. एक नांदण्याचा आणि दुसरा मोकळे होण्याचा. दुसऱ्या पदराच्या आधाराने पुढे चर्चच्या कायद्यात विवाह मोडण्याची सवलत उभी राहिली. आपल्याकडेही इंग्रज सरकारने तशी वाट काढून दिली. तो १८६६ चा २१ वा कायदा मी विद्यार्थिदशेत प्रथम वाचला, तेव्हा मला एकदम आमची ओसरी आठवली. धर्मांतरामुळे पत्नीने सहा महिने नवऱ्याला सोडले, तर ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याने कोर्टात जावे. न्यायाधीशाने पत्नीला विचारावे. ती नाही म्हणाली तर वर्षभर थांबून पुन्हा विचारावे. तरीही नकारच असेल तर विवाह रद्द व्हावा आणि दोघांनाही पुन्हा लग्न करण्याची मोकळीक असावी. हीच सोय ख्रिस्ती झालेल्या पत्नीलाही होती. कायदा तसा निर्दय नव्हे. वर्षभर थांबण्याची त्याला अक्कल होती.

टिळकांना ही वाट उघडी होती. कायद्याच्या हिशेबाने दोनएक वर्षांत ते मोकळे झाले असते. ते थांबले, आणि एकदोन वर्षे नव्हे. जवळजवळ पाच वर्षे त्या घराची फारकत चालली. मधल्या काळात पत्रे गेली, कविता गेल्या. लक्ष्मीबाई नातलगांकडे राहिल्या, पंढरपुरात राहिल्या, लोकांचे बोल आणि लोकांची कीव ह्या दोन्हींचे चटके त्यांनी सोसले. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. टिळकांच्या सत्यशोधनाचे मोल पहिल्याने लक्ष्मीबाईंनी मोजले, आणि तेही त्यांना न विचारता. आजीचा प्रश्न खोटा नव्हता.

अखेर लक्ष्मीबाई नगरला गेल्या, पण गेल्या त्या आपल्या अटींवर. सोवळे त्यांचे त्यांच्यापाशी. त्यांचे पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. म्हणजे धर्म दोन, चुली दोन. आणि तापट म्हणून ख्याती असलेल्या टिळकांनी हे मुकाट्याने चालू दिले! पौलाच्या निवाड्यातला पहिला पदर इतक्या सरळपणे जगून दाखविलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनातली गाठ आपण होऊन सुटली. जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा, हे त्यांना पटले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी चूल बदलली, मग देऊळ.

पुढे हे घर केवढे ऐसपैस झाले! अनाथ मुले आली, आश्रित आले. बालकवी ठोमरे नगरला ह्यांच्याच घरी राहिले. त्यांनी धर्म बदलला नाही, आणि त्या घरात त्यांच्या लाडात कमी पडले नाही. १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' उभारावयास घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. मला वाटते, त्या दरबाराची पहिली बैठक त्यांच्या घरातल्या दोन चुलींपाशीच झाली असावी.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' आरंभीच्या थोड्या अध्यायांवर थांबले होते. ज्या बाईला त्यांनीच लिहावाचावयास शिकविले होते, तिने पुढचे साठाहून अधिक अध्याय रचून ते पुरे केले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. त्या पुस्तकात नवऱ्याच्या चुकाही आहेत आणि स्वतःच्याही, आणि मागे उरते ते हसू.

असो. आता आमच्या ओसरीविषयी थोडे. १९६८ साली माझ्या धाकट्या काकांनी एका ख्रिस्ती शिक्षिकेशी लग्न केले. त्या दिवाळीला आजीने पुस्तक काढले नाही. मात्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिने फराळाचा डबा माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "देऊन ये. मी यायची नाही." नाताळात तोच डबा नव्या काकूंच्या करंज्यांनी भरून परत आला. आजीने त्यातली एकही खाल्ली नाही. पण आम्हाला खाऊ दिल्या. असे दोन वर्षे चालले. कोणी कोणाला उपदेश केला नाही.

तिसऱ्या वर्षी डबा घेऊन आजी स्वतः निघाली. जिना चढून ती दमली होती. काकू दारातच गोंधळून उभ्या राहिल्या. पुढे व्हावे की नाही त्यांना कळेना. आजी पाटावर टेकली, पदराने घाम टिपला, आणि म्हणाली, "सूनबाई, आधी पाणी दे बाई."

परत आल्यावर तिने ओसरीवर पुस्तक काढले. आत्याने मुद्दाम जुना प्रश्न विचारला, "काय गं आई, तिनं घर बदलायला हवं होतं का?"

"बदललं कुठं?" आजी पान शोधीत म्हणाली. "मोठं केलं."