काळीची पांढरी होताना : बागेच्या जागेचा इतिहास

(चाकूर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय बागेचा आहे, पण फुलझाडांचा नाही. गावात बागेसाठी जमीन येते कुठून, तिचा पैसा कोण भरतं आणि ती पुढं सांभाळतं कोण, याचा हा इतिहास आहे.

आपल्या जुन्या गावाचे दोन भाग. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन आणि काळी म्हणजे पिकाची. पांढरीत देवळापुढचं पटांगण आणि झाडाखालचा पार, गावाबाहेर गायरान. पारावर सगळ्या जातींना सारखं बसता येत होतं असं मुळीच नाही, हेही सांगितलं पाहिजे. म्हणून तर कायद्यानं सगळ्यांसाठी खुली असलेली बाग ही नवी गोष्ट आहे. पण वस्तीला मोकळी जागा लागते, ही समज जुनीच.

आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1908 साली मुसा नदीला महापूर आला, हैदराबाद उद्ध्वस्त झालं, आणि 1912 मध्ये तिथं शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. रस्ते, घरं, मोकळ्या जागा यांचा विचार सुरू झाला. पण तो राजधानीसाठी आणि राज्याच्या खजिन्यातून. खजिन्यावर चालणारी बाग राजधानीत होते, तालुक्याला पोचत नाही.

दुसरी वाट इंग्लंडमध्ये सापडली. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गावानं 1840 च्या दशकात सुमारे 226 एकर जमीन घेतली. त्यातल्या 125 एकरांत बाग केली आणि उरलेल्या जमिनीचे प्लॉट विकायला काढले. बागेशेजारचा प्लॉट महाग जातो, मग त्या वाढीव किमतीतूनच बागेचा खर्च काढायचा, असा हिशोब. 1847 मध्ये ती बाग खुली झाली. आज आपण ज्याला बिल्डरचा वाटा म्हणतो, त्याचं मूळ या हिशोबात आहे.

मुंबई इलाख्यात हाच विचार 1915 च्या नगररचना कायद्यानं आला. त्यातली युक्ती बघा. एका भागातल्या सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढायची. उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे प्लॉट करून मूळ मालकांना परत द्यायचे. प्लॉट आधीपेक्षा लहान, पण रस्त्याला लागलेला, म्हणून किंमत जास्त. त्या वाढीतलाही काही हिस्सा मालकानं भरायचा. एकट्या कुणाची जमीन गेली नाही, सगळ्यांची थोडीथोडी गेली.

पुढं 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला. त्यात विकास आराखड्याची तरतूद होती आणि आराखड्यात आरक्षणाची. नकाशावर हिरवा रंग भरायचा आणि लिहायचं ‘उद्यान’. पण जमीन विकत घ्यायला नगरपालिकेकडं पैसा कुठं होता? कायद्याचं कलम 127 सांगतं की दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि तरीही मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं. असे कितीतरी हिरवे चौकोन कागदावरच राहिले. मुंबईनं 1991 च्या नियमांत तोड काढली: रोख पैशाऐवजी मालकाला बांधकामाचा हक्क द्यायचा, तो त्यानं दुसरीकडं वापरावा किंवा विकावा. त्यालाच टीडीआर म्हणतात. पण ज्या गावात उंच इमारतींना मागणीच नाही, तिथं तो हक्क विकत घेणार कोण?

मग आपल्यासारख्या गावाच्या हाती काय राहतं? लेआउट. 2020 च्या एकत्रित नियमावलीप्रमाणं 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं प्लॉटिंग करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. चाळीस गुंठ्यांत चार गुंठे. यासाठी नगरपंचायतीला एक रुपयाही मोजावा लागत नाही. माझ्या मते लहान गावाच्या बागेचा सगळा प्रश्न या चार गुंठ्यांत आहे.

पहिली अडचण, ते सुटतातच असं नाही. शेत गुंठ्यागुंठ्यानं विकलं, लेआउट मंजूरच करून घेतला नाही, तर सोडायचं काय? सरकारनं 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला आणि 2021 मध्ये त्याची मुदत 2020 अखेरपर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. घरं वाचली, ते योग्यच झालं. पण शुल्क भरून घर कायदेशीर होतं, विकून गेलेली मोकळी जागा परत येत नाही.

दुसरी अडचण मालकीची. दिल्लीतल्या एका लेआउटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1990 च्या दशकात सांगितलं की नकाशा मंजूर झाला एवढ्यानं बागेची जागा महापालिकेच्या मालकीची होत नाही. मालक ती विश्वस्तासारखी धरून राहतो, दुसऱ्या कामाला वापरू शकत नाही. तत्त्व चांगलं आहे, पण पंधरा वर्षांनी विश्वस्त गाव सोडून जातो, वारस वाटणी मागतात, आणि सातबारावर नाव जुनंच असतं.

तिसरी अडचण पाण्याची. कायद्यानं जमीन मिळवून दिली, माळी दिला नाही. बांधकाम परवानगीबरोबर विकास शुल्क घेतलं जातं, 1992 पासून कायद्यात त्याचं स्वतंत्र प्रकरणच आहे. पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या लातूर जिल्ह्यात लॉनवाली बाग मागणं शहाणपणाचं नाही. लिंब, वड, करंज लावा, दोन बाकडी आणि एक तारेचं कुंपण करा. वडवळ नागनाथच्या बेटावर वनौषधी बघायला लांबून लोक येतात, पण म्हाताऱ्या माणसाला रोज संध्याकाळी तिथं कोण नेणार? त्याला घरापासून चालत जाता येईल अशी सावली लागते.

तेव्हा प्लॉट घेताना एवढं करा. मंजूर लेआउटची प्रत मागा, तीवर मोकळी जागा शोधा, आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन चार कोपरे बघा. घरं झाली की प्लॉटधारकांची संस्था करा आणि ती जागा संस्थेच्या किंवा नगरपंचायतीच्या नावे लेखी होईल असं पाहा. हे काम पहिल्या पाच-दहा घरांनीच करायचं असतं. नंतर त्या जागेवर कुणाची तरी भिंत उभी राहते, आणि मग कोर्टाच्या तारखा सुरू होतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.