जांभळाच्या विजेची कुळकथा

जांभळाच्या रसात भिजविलेल्या काचेतून वीज निघते, ती हिरव्या पानाच्या अन्नसिद्धीचेच अनुकरण होय, असे सर्वत्र सांगितले जाते. मला मात्र या सौरघटाचे मूळ घराणे छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत सापडते, आणि हा धागा हाती लागला तो मालाडच्या बॉम्बे टॉकीजविषयी वाचताना.

१९३४ साली स्थापन झालेल्या त्या चित्रपटसंस्थेत जोसेफ विर्शिंग यांनी 'अछूत कन्या' चित्रित केला, तोवर सर्व रंग ओळखणारी फिल्म प्रचारात आली होती. त्यापूर्वीच्या फिल्मला लाल कुंकू काळेच दिसे, कारण चांदीच्या क्षारांना तांबडा प्रकाश कळत नाही. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी त्या क्षारांत रंग मिसळून त्यांना हिरव्याची ओळख करून दिली; पुढे तांबडाही त्यांच्या अमलाखाली आला. रंगाच्या कणाने प्रकाश गिळावा आणि इलेक्ट्रॉन शेजारच्या स्फटिकाच्या हवाली करावा, एवढीच ती किमया. सौरघटातही दुसरे काही घडत नाही.

प्रतिपक्षाचा पुरावा कच्चा नाही. ट्रिब्यूच आणि कॅल्व्हिन यांनी १९७१ मध्ये हरितद्रव्यावरच विद्युत्‌प्रयोग प्रसिद्ध केले. परंतु १८३९ मध्ये प्रकाशजन्य वीज प्रथम पाहणाऱ्या एदमाँ बेकेरेल यांनीच १८७४ मध्ये हरितद्रव्य छायाचित्राच्या काचेला लावले होते; म्हणजे पानाचा रससुद्धा या घराण्यात त्याच दाराने आला! माझा मुख्य दस्तऐवज मात्र व्हिएन्नाच्या जेम्स मोझर यांचे १८८७ चे टिपण. एरिथ्रोसिन नावाच्या रंगाने चांदीच्या विद्युदग्रांतील प्रवाह वाढतो, हे सांगताना त्यांनी शीर्षकातच 'प्रकाशीय संवेदनवृद्धी' हा छायाचित्रणाच्या परिभाषेतला शब्द योजला. जन्मखूण याहून स्पष्ट ती कोणती असावी?

१९९१ मध्ये लोझानच्या ओ'रीगन आणि ग्रेट्सेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर रंगवून वापरला व अशा सौरघटाची कार्यक्षमता सात टक्क्यांपर्यंत नेली. ती हकिकत सर्वश्रुत आहे.

जांभळातील अँथोसायनिन आपल्या शेजारी-शेजारी असलेल्या हायड्रॉक्सिल गटांनी टायटॅनियमला घट्ट धरते, म्हणूनच त्या टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देऊन भाजलेली पांढरी काच रसातून काढून धुतली तरी जांभळीच राहते. तिच्यावर काजळी धरलेली दुसरी काच ठेवून, मध्ये आयोडीनचे द्रावण सोडून, दोन्ही कडांना चिमटे लावावे, आणि हा जोड गच्चीवरच्या उन्हात धरून मापकाच्या तारा जोडाव्या. आकडा वर चढतो. हाताची सावली पडताच खाली येतो.