पद आणि सेवा

धर्माच्या इतिहासांत मतामतांचे वाद पुष्कळ लिहिले गेले आहेत. परंतु एखादा मनुष्य नव्या धर्मसमाजांत आल्यावर त्यानें तेथें करावें काय, हा साधा प्रश्न इतिहासकारांच्या दृष्टीस क्वचितच पडतो. वस्तुतः बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधि. त्यापुढचें सारें आयुष्य ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत जातें. महाराष्ट्रीय ख्रिस्ती मंडळींतील तीन व्यक्तींना तें उत्तर कसें सांपडलें व त्याची किंमत त्यांस काय पडली, ह्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे. 'प्रेषितांचीं कृत्यें' ह्या ग्रंथांत अशी हकीकत आहे कीं, यरुशलेमेच्या मंडळींत रोजच्या अन्नवांटपाच्या वेळीं ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊं लागली. तेव्हां प्रेषितांनीं उपदेशाचें काम आपणांकडे ठेवून पंक्तींची व्यवस्था पाहण्यासाठीं सात जण नेमविले. वांटणी व्यवहाराला धरूनच होती. पण त्या सातांतील पहिला जो स्तेफन, तो पुढें पंक्तींत वाढतांना दिसत नाहीं. तो न्यायसभेपुढें निर्भयपणें भाषण करतो व दगडांच्या माऱ्यांत प्राण देतो. म्हणजे ज्या कामावर त्याची नेमणूक झाली, त्याहून त्याच्या हातून घडलेलें कार्य अगदींच निराळें होतें. पौलानें पुढें करिंथ येथील मंडळीस एका शरीराचा व त्याच्या अनेक अवयवांचा दृष्टांत दिला, त्याचें मर्मही हेंच. पद मंडळी देते. कार्य ज्याचें त्यास ओळखावें लागतें.

आपल्या प्रांतांत ही ओळख पटणें विशेष कठीण होतें. अमेरिकन मराठी मिशनचें काम मुंबईस १८१३ सालीं व अहमदनगरास १८३१ सालीं सुरू झालें. त्या काळीं ख्रिस्ती होणाऱ्या मनुष्याचें घर, जात आणि पुष्कळदां पोटाचा धंदाही एकदमच सुटे. अशा माणसाच्या उपजीविकेची सोय मिशनास करणें भाग पडलें आणि ती शिक्षक, उपदेशक किंवा पाळक ह्या ठराविक जागांवर झाली. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. परंतु सेवा म्हणजे जागा व जागा म्हणजे वेतन असें समीकरण त्यामुळें रूढ झालें, आणि ज्याचा गुण कोणत्याच जागेंत मावत नसे त्याची कुचंबणा होऊं लागली.

बाबा पदमनजी ह्यांचें उदाहरण घ्या. बेळगांवास १८३१ सालीं जन्मलेले बाबा १८५४ सालीं तेथेंच ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्यापूर्वींच त्यांनीं स्त्रीशिक्षणावर निबंध लिहिला होता. १८५७ सालीं त्यांचें 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालें. हिंदु विधवांच्या दुःस्थितीचें चित्र काढणारी ही कथा मराठींतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. पुढें 'शब्दरत्नावली' आणि मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ति ह्या त्यांच्या कामांनीं भाषेच्या अभ्यासकांस कायमचें ऋणी करून ठेविलें. असा लेखनांत रमणारा पुरुष १८६७ सालीं पाळकपदाची दीक्षा घेऊन मंडळीचा कारभार पाहूं लागला. पाळकाचें पद मंडळींत सर्वांत मानाचें. तें मिळाल्यावर सोडणें म्हणजे लौकिकदृष्ट्या पायरी उतरणेंच होय. बाबांनीं कांहीं वर्षांनीं तें सोडलें व १९०६ सालीं मृत्यु येईपर्यंत ग्रंथलेखन व ग्रंथसंपादन हीच आपली सेवा मानिली. व्यासपीठापुढें दर रविवारीं जमणाऱ्या मंडळीहून मोठी मंडळी त्यांस आपल्या मेजावरील कागदांत दिसली असावी.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा मार्ग इतका सरळ नव्हता. १८६१ सालीं कोंकणांत करजगांव येथें जन्मलेला हा ब्राह्मण कवि १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाला. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या व चार-पांच वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. हें दुःख ज्यांनीं 'स्मृतिचित्रें' वाचलीं आहेत त्यांस सांगावयास नको. टिळक अहमदनगरास येऊन मिशनच्या धर्मशिक्षणशाळेंत शिकवूं लागले. १९०४ सालीं त्यांस दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचें संपादन त्यांजकडे आलें. पद होतें, वेतन होतें, मान होता.

परंतु टिळकांचें खरें कार्य ह्या कोणत्याच जागेचें नव्हतें. तोंपर्यंत मंडळींत इंग्रजी गीतांचीं भाषांतरें बहुधा परक्या चालींवर गाइलीं जात. कृष्णराव सांगळे ह्यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पूर्वींच घातला होता. टिळकांनीं तो हातीं घेऊन अभंग, पद व आर्या ह्यांना ख्रिस्ताच्या उपासनेंत घरचा मान मिळवून दिला. ज्या संतपरंपरेंत ते वाढले तीच त्यांनीं नव्या देवघरांत नेली. आजही मराठी ख्रिस्ती माणूस उपासनेस उभा राहिला म्हणजे टिळकांचे शब्द त्याच्या ओठीं येतात. हें काम त्यांस कोणी नेमून दिलें नव्हतें.

अखेर १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतन सोडलें. वय पंचावन्न उलटलेलें, गांठीं द्रव्य नाहीं, संसारांतील हिशेब त्यांस कधींच जमले नव्हते. असें असतां ते साताऱ्यास गेले व 'देवाचा दरबार' स्थापिला. ख्रिस्तास गुरु मानणारा, मग त्यानें बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ह्या दरबारांत बंधुच होता. मंडळीची सीमा बाप्तिस्म्यानें ठरते असें मानणाऱ्यांस ही कल्पना पचणें कठीण होतें. ती किती साधली असती हें पाहण्यास अवधि मिळाला नाहीं. १९१९ च्या मे महिन्यांत टिळक मुंबईस वारले. संस्था म्हणून दरबार रुजला नाहीं हें खरें. पण वेतनावांचून सेवा उभी राहूं शकते, हें एका मनुष्यानें स्वतःचें आयुष्य पणाला लावून दाखविलें.

तिसरें उदाहरण त्यांच्याच घरांतलें. १९०० सालीं ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाईंस पाळकाची दीक्षा कधींच मिळाली नाहीं. अक्षरओळख झाली तीही पतीकडून. पण टिळकांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें तेव्हां त्या महाकाव्याचा उरलेला, म्हणजे बहुतांश, भाग ह्याच बाईंनीं पूर्ण केला. ज्या घरगुती बोलींत त्यांनीं आपल्या संसाराच्या आठवणी १९३४ पासून प्रसिद्ध केल्या, ती बोली मराठी गद्याचें भूषण ठरली. १९३६ सालीं त्या निवर्तल्या. मंडळीच्या पदांची यादी काढिली तर तींत त्यांचें नांव सांपडणार नाहीं. मंडळीनें मराठी वाङ्मयास काय दिलें ह्याची यादी काढिली तर तें पहिल्या ओळींत येईल.

ह्या तिघांच्या चरित्रांत आम्हांस एक समान सूत्र दिसतें. तिघांनींही सेवा केली ती नव्या घरांत आल्यावर हातीं दिलेल्या साधनानें नव्हे, तर येतांना बरोबर आणलेल्या गुणानें: बाबांनीं लेखणीनें, टिळकांनीं अभंगवाणीनें, लक्ष्मीबाईंनीं चुलीपाशीं घडलेल्या बोलीनें. पद हें त्या गुणास कधीं आधार झालें, कधीं अडसर झालें, व कधीं त्याची गरजच पडली नाहीं. ज्यास आपल्या मंडळींत आपली जागा कोणती हें कळत नाहीं, त्यानें रिकाम्या पदांकडे पाहण्यापूर्वीं आपण येतांना काय घेऊन आलों हें एकवार पाहावें. मंडळीनेंही तें पाहण्यास शिकावें. कारण जागेच्या मापानें माणूस कापूं गेल्यास जागा भरते, पण माणूस हातचा जातो.