बुद्रुक आणि खुर्द

उंब्रजजवळ तारळी नदी कृष्णेला मिळते. तिथून कृष्णा कराडवरून पुढे गेली की रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द ही गावे लागतात. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात ऐतवडे बुद्रुक आणि ऐतवडे खुर्द अशीच जोडी आहे. बुद्रुक म्हणजे मोठे, थोरले. खुर्द म्हणजे लहान, धाकटे. दोन्ही विशेषणे फारसी आहेत.

बुद्रुकचे मूळ रूप ‘बुजुर्ग’. त्याचा माग फार लांब जातो. इराणच्या दारयवहु राजाने सुमारे इ.स.पू. 520 मध्ये बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरवला. त्यात तो स्वतःला ‘वज्रक’ राजा, म्हणजे थोर राजा, म्हणवतो. या शब्दाचे मध्य फारसीत ‘वुजुर्ग’ झाले आणि पुढे ‘बुजुर्ग’. मराठीत तो दोन वाटांनी आला. अनुभवी, वयस्क माणसाला आपण बुजुर्ग म्हणतो. गावाच्या नावात मात्र तोच शब्द घासून ‘बुद्रुक’ झाला. खुर्दचा सोयरा ‘खुर्दा’, म्हणजे सुटे पैसे.

ही विशेषणे दफ्तरातून गावात आली. बहमनी आणि आदिलशाही राजवटींत महसुलाच्या कागदांवर फारसीचा पगडा होता. एकाच नावाची दोन गावे असली की हिशेबात घोटाळा नको म्हणून त्यांना वेगळी खूण लागे. अशी खूण फारसीच असावी असे काही नव्हते. कराड तालुक्यातच वडोली निळेश्वर आणि वडोली भिकेश्वर ही गावे देवांच्या नावांनी वेगळी ओळखली जातात.

फारसीचा ठसा व्याकरणात अधिक स्पष्ट दिसतो. मराठीत विशेषण नामाआधी येते आणि आकारान्त असेल तर नामाप्रमाणे बदलते: मोठा वाडा, मोठी वाडी, मोठे गाव. फारसीत ते नामामागून येते. म्हणून गाव ‘बुद्रुक रेठरे’ नव्हे, ‘रेठरे बुद्रुक’. पुण्यातला कोंढवा पुल्लिंगी असला, तरी तोही बुद्रुकच राहतो. विभक्तीसुद्धा विशेषणाला लागते. एरवी ‘रेठऱ्याला’ जाणारा माणूस ‘रेठरे बुद्रुकला’ जातो. विशेषण इथे नावाचाच भाग होऊन बसले आहे.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. गावांच्या नावांतले बुद्रुक-खुर्द मात्र टिकले, कारण लोकांच्या लेखी ते परके राहिलेच नव्हते. उत्तर प्रदेशात याच कामाला ‘बुजुर्ग’ हे मूळ रूप चालते. पंजाबात थोरल्या गावाला ‘कलां’ म्हणतात, धाकट्याला खुर्दच. महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांवर आता अनेकदा ‘बु.’ आणि ‘खु.’ एवढेच लिहिले जाते.