मिरी कधी विकावी?
डोमेन नावे विकत घेऊन ठेवणाऱ्याला आज जो प्रश्न पडतो, घेतलेला माल विक्रीला कधी आणि कोणत्या अटीवर काढायचा, तो सुरतेच्या बाजाराने सतराव्या शतकातच कसून हाताळला होता. तिथला व्यापारी वीरजी व्होरा मिरी, पोवळी, मसाले यांचे साठेच्या साठे उचलत असे, पण विकायची घाई करत नसे. १६२५ साली इंग्रज वखारीला त्याची मिरी हवी होती. त्याने दर चढा ठेवला, शिवाय पोवळी आपल्यालाच विकावीत अशी अट घातली. कोणी म्हणेल, ही निव्वळ मक्तेदारी. मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण इंग्रजांना दुसरी वाट होती: स्वस्त मिरीसाठी त्यांनी दख्खनेत माणसे पाठवली. ते कळताच व्होराने तिथल्या आपल्या गुमास्त्याला इंग्रजांहून जास्त भाव द्यायला सांगितले. म्हणजे साठ्याइतकीच वेळेवर मिळालेली बातमी मोलाची होती, आणि थांबण्याची ऐपतही. खुद्द इंग्रज कंपनी त्याच्याकडून कर्ज काढत असे.

थांबण्यात जोखीम होतीच. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा व्होराचा वाडाही सुटला नाही. तरी त्यानंतर सुरतेत आलेल्या तेवेनो या फ्रेंच प्रवाशाने त्याची गणना शहरातल्या मोठ्या धनिकांतच केली.