नाव एक, सारण वेगळं

आपण रोज सकाळी जो चहा उकळतो, त्याचं नाव मुळात चिनी आहे. आज आम्ही चीनमधल्याच आणखी एका शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. हा शब्द जपानला गेला आणि तिथलाच झाला. चीनमध्ये म्हणतात मांतोऊ, जपानमध्ये मांजू. हो, ऐकायला आपल्या मंजूसारखंच!

उत्तर चीन हा गव्हाचा मुलूख. तिथे आंबवलेल्या कणकेचा गोळा वाफवतात, तो मांतोऊ. आत काहीच नसतं. आपण भाजीबरोबर पोळी खातो, तसा तो खातात. सारण भरलं की त्याचं नाव बदलतं, तो होतो बाओझी. पण शांघायकडे सारण भरलेल्यालाही मांतोऊच म्हणतात, आणि जुनी रीतही तीच होती.

नावामागे एक दंतकथा आहे. इ. स. २२५ मध्ये झुगे लियांग हा सेनानी दक्षिणेच्या मोहिमेवरून परतत होता. वाटेत नदी खवळलेली. लोक म्हणाले, माणसांची मुंडकी वाहिल्याशिवाय ही वाट देणार नाही. त्याने माणसं मारली नाहीत. कणकेत मांस भरून डोक्याच्या आकाराचे गोळे केले आणि ते वाहिले. आपल्याकडे बळीऐवजी कोहळा फोडतात ना, तसंच. 'तोऊ' म्हणजे डोकं. ही कथा मात्र शेकडो वर्षांनी लिहिली गेली. त्याच्या कितीतरी आधी, साधारण इ. स. ३०० च्या सुमारास, शू शी या कवीने पिठाच्या पदार्थांवर केलेल्या रचनेत मांतोऊचं नाव येतं.

जपानी परंपरा सांगते, की चौदाव्या शतकात लिन जिंगयिन नावाचा चिनी माणूस एका भिक्षूबरोबर नारा शहरी आला. तिथले भिक्षू मांस खात नसत. मग त्याने अझुकी नावाचे लाल दाणे शिजवून, वाटून, गोड करून आत भरले. आपल्या पुरणाचीच तऱ्हा म्हणा ना! नारामध्ये त्याचं देऊळ आहे. दरवर्षी १९ एप्रिलला तिथे मांजूचा उत्सव होतो, आणि मिठाई करणारे आपापली मिठाई देवापुढे ठेवतात.

हे सगळं सांगायचं कारण असं. आमच्या गटांना बाजारात नेहमी ऐकावं लागतं, "नाचणीचा मोदक? हा काही खरा मोदक नव्हे." मैत्रिणींनो, सारण बदललं म्हणून मांजू खोटा ठरला नाही. खाणाऱ्याला चालेल असं सारण भरलं, म्हणूनच तो त्या देशात रुजला.

पण दुसरी बाजूही ध्यानात ठेवू या. मांस न खाणाऱ्या भिक्षूला नुसतं 'मांतोऊ' म्हणून मांसाचा गोळा वाढला असता तर? नुसत्या नावावरून आतलं कळत नाही. म्हणून नाव खुशाल जुनं ठेवा, आत काय भरलंय ते मात्र पाकिटावर ठळक लिहा. गिऱ्हाईक त्याच विश्वासावर पुन्हा येतं.